चंद्राची माती नाशकात: तीन टेस्ट, तीन उत्तरं. खरं कोणतं?

मुरूमवाला
मंडळी, नमस्कार. बऱ्याच दिवसांनी धागा काढतोय, सांभाळून घ्या.

मी नाशिकजवळच्या एका कॉलेजात सिव्हिलला शिकवतो. जिओटेक, म्हणजे मातीची ताकद तपासायची विद्या, हा माझा विषय. यंदा शेवटच्या वर्षाच्या चार पोरांनी प्रोजेक्टसाठी हट्ट धरला, "सर, चांद्रमाती करायची." आधी हसलो. मग वाटलं, दरवर्षीच्या काळ्या माती अधिक फ्लाय ॲशपेक्षा हे बरं. पोरांनी जवळच्या क्रशरवरून कच आणला (बेसॉल्टच, आपल्याकडे दुसरं काय मिळणार), चाळला, आणि चंद्राच्या मातीच्या कणांच्या आकारांचा जो आलेख छापून येतो त्याच्या जवळपास जाईल असं मिश्रण केलं. तिथवर सगळं गोड.

पुढे डायरेक्ट शिअर केली, म्हणजे पेटीत माती भरून, वर भार ठेवून पेटीचा अर्धा भाग आडवा सरकवायचा आणि किती जोर लागतो ते मोजायचं. ६० मिमीची नेहमीची पेटी, ५०, १०० आणि १५० किलोपास्कल भार. पहिल्या वेळी घर्षणकोन (कण एकमेकांवर किती अडतात त्याचं माप) ३४ अंश, कोहेजन (वर भार नसतानाही कणांची एकमेकांवर असते ती पकड) शून्य. दुसऱ्या जोडीने केलं तर ४५ अंश, कोहेजन ३ किलोपास्कल. तिसऱ्यांदा मी समोर उभा राहून करवून घेतलं, तर ३९ अंश आणि कोहेजन ६! माल तोच, पोतं तेच, मशीन तेच.

पोरं विचारतायत की सर, रिपोर्टात कोणतं लिहायचं. माझा प्रश्न जरा मोठा आहे. पृथ्वीवर, आपल्या गुरुत्वाकर्षणात, आपल्या हवेत, नकली मातीवर केलेल्या अशा टेस्टला काही अर्थ असतो का? की नुसतीच हौस?

निवांत नाना
सरासरी काढा आणि सबमिट करा. आमच्या वेळी असंच होतं.

(पहिला! पॉपकॉर्न घेऊन बसलोय.)

दगडधोंडे
धागा आवडला. पण सुरुवातीलाच एक खडा टाकतो. "चंद्राची माती" अशी एकच वस्तू नसते. डोळ्यांना चंद्रावर जे काळसर डाग दिसतात (आपला ससा), ते बेसॉल्टचे सपाट भाग आणि उजळ दिसतात ते डोंगराळ भाग. तिथला मुख्य खडक ॲनॉर्थोसाइट. तुमचा सह्याद्रीचा कच हा सशाच्या कामाचा. चांद्रयान-३ उतरलं ते दक्षिणेकडच्या उंच भागात, साधारण ६९ अंश दक्षिण अक्षांशावर. तिथे दख्खनचा बेसॉल्ट चालणार नाही.

म्हणूनच इस्रोने तमिळनाडूत नामक्कल जिल्ह्यातल्या सित्तमपुंडी आणि कुन्नमलै या गावांकडचा ॲनॉर्थोसाइट घेतला. दगड सेलमला क्रशरवर भरडून, हव्या त्या आकाराचे कण करून तो बंगळुरूच्या चाचणी केंद्रात नेला. सेलमचं पेरियार विद्यापीठ, त्रिचीची एनआयटी आणि आयआयएससी यांचाही त्यात हात होता. पेटंटचा अर्ज २०१४ चा आहे, मंजुरी मे २०२० ची.

बाहेरून आणायची म्हटली तर किलोला १५० डॉलर सांगितले होते, अशी तेव्हा बातमी होती. आणि लागणार होती ६०-७० टन.

निवांत नाना
किलोला दीडशे डॉलर?! माझ्या सासरी हवेली तालुक्यात दोन एकर मुरूम पडलाय. कोणाला पाठवू?

सडेतोड
एवढी माती करून २०१९ ला काय झालं? माती झाली. रोव्हर खाली उतरलाच नाही. आधी खेड्यांतले रस्ते बघा, मग चंद्रावरचे.

चाकोरी
@सडेतोड, चांद्रयान-२ चा लँडर मातीमुळे पडला नाही, उतरतानाच्या मार्गदर्शनात गडबड झाली. आणि तीच माती वाया गेली नाही. चांद्रयान-३ च्या आधी लँडरच्या पायांची चाचणी अशाच नकली मातीच्या मैदानावर घेतली. सरळ उतरला तर काय, तिरपा उतरला तर काय, सगळं बघून. उतरतानाचा वेग आधी सेकंदाला २ मीटरपर्यंत चालेल असा धरला होता, तो ३ मीटरपर्यंत वाढवला. पाय टेकल्यावर माती किती दबते हे माहीत नसेल तर असला निर्णय कोण घेईल?

रस्त्यांबद्दल सहमत. पण तो वेगळा धागा आहे.

सडेतोड
बरं. माती खाल्ली म्हणत नाही. पण रस्त्यांचा धागा काढतोच.

ट्रायल पिट
मुरूमवाला सर, मी एका सॉईल लॅबमध्ये अठरा वर्षं नोकरी करतोय, डिग्री नाही, डिप्लोमा आहे. चंद्राचं मला काही कळत नाही. पण तुमच्या तीन उत्तरांचं कळतंय असं वाटतं. चार प्रश्न विचारतो, उत्तरं द्या.

पहिल्या पोरांनी पेटीत माल कसा भरला? चमच्याने हळू सोडला की ठासला?
दुसऱ्यांनी टॅम्पर (माल ठासायचा ठोकळा) वापरला का?
तिसरी टेस्ट कोणत्या महिन्यात झाली?
आणि वजन मोजून भरलं का, म्हणजे प्रत्येक वेळी पेटीत किती ग्रॅम माल बसला याची नोंद आहे का?

माझी पैज आहे की चौथ्याचं उत्तर "नाही" असणार.

मुरूमवाला
@ट्रायल पिट, पैज जिंकलात. चौथ्याचं उत्तर नाही. बाकीचं उद्या पोरांना विचारून सांगतो.

माजघर
मी इंजिनियर नाही, गृहिणी आहे, पण इथे बोलल्याशिवाय राहवत नाही.

माझी आजी देशावरची. धान्य मोजायचं ते मापट्याने, पायलीने. कोणी ज्वारी मोजून द्यायला आलं की ती नजर ठेवून असायची. घेताना पायली जमिनीवर दोनदा आदळून भरायची आणि वर शीग लावून घ्यायची. देताना मात्र हलक्या हाताने सोडायची, आदळायची नाही, आणि शीग हाताने सारखी करून टाकायची. तीच पायली, तीच ज्वारी, घेताना आणि देताना चांगला मूठ-दोन मुठींचा फरक. तुमच्या पोरांचं असंच झालं असणार!

आणि दुसरं. ज्वारीची शीग बसकी पडते. तांदळाच्या पिठीची डब्यात चमच्याने कापली तरी भिंत उभी राहते, ढासळत नाही. रव्याची ढासळते. हे तुमचं कोहेजन का?

ट्रायल पिट
माजघर ताई, दंडवत! अठरा वर्षांत मला हे कोणाला इतकं सोपं करून सांगता आलं नाही. आजींची पायली म्हणजे रिलेटिव्ह डेन्सिटी, माल किती ठासून बसलाय त्याचं माप. तोच माल सैल भरला तर कण एकमेकांवरून सहज घसरतात. आदळून भरला तर एकमेकांत अडकतात, आणि घसरायचं तर आधी एकमेकांवर चढावं लागतं, पेटी वर फुगते. म्हणून कोन मोठा येतो. ३४ आणि ४५ चा फरक तोच. दोन्ही उत्तरं बरोबर आहेत, फक्त प्रश्न वेगवेगळे होते.

पिठीबद्दलही बरोबर. बारीक, खरबरीत कण एकमेकांना धरतात.

दगडधोंडे
चंद्राचे आकडे देतो म्हणजे "किती आदळायचं" ते कळेल. अपोलोच्या नळ्यांनी काढलेल्या नमुन्यांवरून वरच्या १५ सेंटिमीटरची घनता साधारण १.५ ग्रॅम प्रति घन सेंटिमीटर, ३० ते ६० सेंटिमीटर खोलीवर १.७४ च्या आसपास. रिलेटिव्ह डेन्सिटीत सांगायचं तर वर ६५ टक्के आणि फूटभर खाली गेलं की ९० च्या पुढे. वर भुसभुशीत, खाली दगडासारखी ठासलेली. कोट्यवधी वर्षं अशनींचे धक्के बसून बसून. आजीने पायली किती वेळा आदळली असेल बघा!

याचा त्रास अंतराळवीरांनीच भोगलाय. अपोलो ११ ला आल्ड्रिन नळी ठोकत होता, ती काही इंचांच्या पुढे जाईना. अपोलो १५ ला स्कॉटला ड्रिलने तीन मीटर खोल भोक पाडायचं होतं, त्यात तो मेटाकुटीला आला.

त्यामुळे @मुरूमवाला, तुमची सैल भरलेली ३४ अंशांची टेस्ट चंद्रावर फक्त वरच्या पातळ थराला लागू. बूट उमटतो तेवढ्याला.

निवांत नाना
म्हणजे वर मऊ, आत टणक. आमच्या हिची बेसन वडी. (ही हा धागा वाचत नाही, म्हणून धीर करतोय.)

फिनिक्सकर
मी ॲरिझोनात असतो. फ्लॅगस्टाफच्या बाहेर ज्वालामुखीच्या काळ्या राखेची मैलोन् मैल मैदानं आहेत. तिथल्या मेरियम क्रेटरच्या राखेपासून नासाने १९९० च्या दशकात जेएससी-१ नावाची नकली माती केली, नंतर जेएससी-१ए. जगभरच्या बहुतेक लॅबनी कधी ना कधी हीच वापरली असेल.

त्याच बाजूला सिंडर लेक नावाची जागा आहे. १९६७ साली अमेरिकेच्या भूगर्भ खात्याने तिथे सुरुंग लावून ४७ खड्डे उडवले. कुठे, केवढे, हे चंद्राच्या एका फोटोवरून मोजून! अपोलोच्या लोकांना सरावासाठी "चंद्र" हवा होता म्हणून. मी पोरांना घेऊन गेलो होतो. खड्डे आता निम्मे बुजलेत, वर टायरच्या खुणा. धाकटा म्हणाला, बाबा हे तर आपल्या गावच्या रस्त्यासारखं दिसतंय. @सडेतोड, तुमचा माणूस सापडला.

सडेतोड
पोरगं हुशार आहे. त्याला माझ्याकडून चॉकलेट.

चाकोरी
आता मुरूमवाला सरांच्या मोठ्या प्रश्नाकडे येतो, कारण तो सगळे विसरलेत. गुरुत्वाकर्षणाचं काय?

मी बंगळुरूत रोबॉटिक्समध्ये आहे (अवकाशवाला नाही, गोदामात फिरणाऱ्या गाड्यांवर काम करतो), पण चाकं आणि माती हा माझा आवडता विषय. चांद्रयान-३ चा प्रज्ञान रोव्हर २६ किलोचा. चंद्रावर त्याचं वजन पृथ्वीवरच्या साधारण सव्वाचार किलोइतकं भरतं, सहा चाकांत वाटलं तर एका चाकाला जेमतेम ७०० ग्रॅम. इथे चाचणी घेताना पूर्ण वजनाने चालवला तर चाक जास्त रुतेल. म्हणून वजन वरून उचलून धरतात. इस्रोने हेलियमचे फुगे लावून रोव्हर हलका केल्याचं तेव्हा बातम्यांत आलं होतं.

पण गोम इथे आहे. रोव्हर हलका केला, माती हलकी झाली का? चाकाखालचा कण न् कण अजून सहापट जड आहे. जड कण एकमेकांवर जास्त दाबून बसतात, म्हणून जास्त आधार देतात. म्हणजे फुगा लावून घेतलेली टेस्ट जरा जास्तच गोड निकाल देऊ शकते. चंद्रावर चाक इथल्यापेक्षा जास्त घसरू शकतं. याला उपाय म्हणून काही ठिकाणी माती आणि चाक दोन्ही विमानात घालून गोते खातात, वीस-पंचवीस सेकंद कमी गुरुत्वाकर्षण मिळतं. तेवढ्यात काय ते मोजायचं.

काही लोक वेगळा मार्ग घेतात. नासाच्या ग्लेन केंद्राने जीआरसी-१ नावाची माती केली, ती खनिजांच्या दृष्टीने चंद्राची नक्कल नाहीच, निव्वळ बाजारातल्या वाळूचं मिश्रण. पण चाकाला ती "चंद्रासारखी" वाटावी अशी बेतलेली. चाकाला थोडंच कळतं खाली ॲनॉर्थोसाइट आहे की क्वार्ट्झ!

दगडधोंडे
@चाकोरी, इथे थोडा असहमत. चाकाला रसायन कळत नाही, पण कणाचा आकार कळतो, आणि आकार कुठून आला ते खडकावर आणि इतिहासावर ठरतं. चंद्रावर वाहतं पाणी नाही, वारा नाही, कण घासून गोल करणारं काहीच नाही. वर बारीक अशनी आपटून माती वितळते आणि काचेने चिकटलेले वेडेवाकडे गोळे तयार होतात, ॲग्लुटिनेट म्हणतात त्यांना. काही नमुन्यांत ते ५०-६० टक्क्यांपर्यंत आहेत. नदीच्या वाळूत हे कुठून आणणार? क्रशरच्या कचातही नाही. हे गोळे दाबले की फुटतात, मग मातीचं वागणं बदलतं.

बाकी रसायनाचं म्हणाल तर सित्तमपुंडीचा दगडही जुळा भाऊ नाही. त्यात हॉर्नब्लेंड आहे, म्हणजे स्फटिकात पाणी धरलेलं खनिज. चंद्राच्या त्या खडकात ते नसतं. चाचणीला त्याने फरक पडत नाही, पण उद्या कोणी त्याच मातीतून ऑक्सिजन काढायचा प्रयोग केला तर पडेल.

चाकोरी
मान्य. म्हणजे "कशासाठी हवी" ते आधी ठरवा, मग माती करा. माझं तेच म्हणणं होतं, तुम्ही नीट मांडलंत.

कुतूहल
नवीन सदस्य, बारावी सायन्स. मग पायाचा ठसा इतका स्पष्ट कसा उमटला चंद्रावर? पाणीच नाही तर माती चिकटते कशाला? किल्ला करताना आम्ही माती ओली करतो.

ट्रायल पिट
@कुतूहल, चांगला प्रश्न. ओल्या मातीत पाण्याची पातळ फिल्म कणांना ओढून धरते. तो उसना चिकटपणा, वाळला की गेला. चंद्रावर कण इतके बारीक (निम्मा माल साधारण ७० मायक्रॉनच्या खालचा) आणि इतके काटेरी आहेत की ते एकमेकांत गुंततात. त्यात मधे हवा नाही, दमटपणा नाही. पण ही पकड फार लहान. अर्ध्या किलोपास्कलच्या आसपास, जास्तीत जास्त एक.

दगडधोंडे
आणि लहान असली तरी तिथे पुरते, कारण माती हलकी. मघाशी हिशोब करून बघितला. कोहेजन अर्धा किलोपास्कल, कोन ४० अंश धरा. पृथ्वीवर अशा मातीत चर खणला तर उभी भिंत जेमतेम फूटभर टिकेल. चंद्रावर तीच माती पावणेदोन मीटर उभी राहील. माणसाच्या उंचीएवढी! अमेरिकेच्या सर्वेयर यानांनी खोऱ्याने चर खणले, त्यांच्या भिंती सरळ उभ्या राहिल्या.

गंमत म्हणजे त्याआधी थॉमस गोल्ड या खगोलशास्त्रज्ञाचं म्हणणं होतं की चंद्रावर धुळीचे खोल थर असतील आणि यान त्यात बुडेल. १९६६ च्या फेब्रुवारीत रशियाचं लुना-९ टेकलं, जूनमध्ये सर्वेयर-१. कोणीच बुडालं नाही.

मुरूमवाला
पोरांकडून उत्तरं मिळाली. @ट्रायल पिट, बसा आता.

पहिली जोडी: चमच्याने हळूहळू सोडला.
दुसरी जोडी: तीन थर, प्रत्येक थराला टॅम्परचे पंचवीस ठोके. कारण "प्रॉक्टरमध्ये पंचवीस असतात." (प्रॉक्टर ही माती ठासून बघायची वेगळीच टेस्ट.)
तिसरी, माझ्यासमोरची: जुलैचा शेवटचा आठवडा. माल रात्रभर ट्रेमध्ये खिडकीशी उघडा. नाशकात तेव्हा पाऊस धो धो.

ट्रायल पिट
😄 म्हणजे कोहेजन ६ हे चंद्राचं नाही, नाशिकच्या पावसाचं!

ओव्हनमध्ये १०५ डिग्रीला चोवीस तास ठेवा, डेसिकेटरमध्ये (दमटपणा लागू न देणाऱ्या बंद भांड्यात) गार करा, लगेच भरा. आणि भरताना मोजून. घनता ठरवायची, पेटीचं आकारमान माहीत आहे, तेवढेच ग्रॅम घ्यायचे आणि तेवढ्याच उंचीत बसवायचे. चाळणीतून ठरावीक उंचीवरून पाऊस पाडल्यासारखा सोडला तर सगळीकडे सारखा बसतो, पण तुमच्या मालात धूळ जास्त, ती हवेत तरंगत राहते आणि उशिरा येऊन वर बसते. त्यापेक्षा थरांमध्ये भरून पेटीला बाहेरून हलके टिचके द्या.

मास्क लावा. कापडी नको, एन-९५. क्रशरवरच्या माणसांची छाती कशी होते ते मी पाहिलंय.

अजून एक. क्रशरवरून "कच" आणलात की धुतलेली क्रश सँड? बांधकामवाला धूळ नको म्हणून धुतलेली मागतो. तुम्हाला नेमकी ती धूळच हवी. कंत्राटदार जे पोतं परत पाठवतो ते घ्या.

मुरूमवाला
कचच आहे, न धुतलेला. क्रशरवाल्याने पोरांना विचारलं, "हे कशाला?" पोरं म्हणाली, "चंद्रासाठी." त्याने पैसे घेतले नाहीत. मला वाटतं दयेपोटी.

कुतूहल
सर, एक शंका. तुम्ही ५० किलोपास्कलपासून सुरू केलं. चंद्रावर ५० किलोपास्कल दाब कुठे येतो?

चाकोरी
@कुतूहल, अरे बारावीत आहेस ना तू? हा प्रश्न आम्ही सगळ्यांनी वगळला!

गणित करा. माती १.६६ घनतेची, चंद्राचं गुरुत्वाकर्षण १.६२. एक मीटर खोलीवर दाब २.७ किलोपास्कल. म्हणजे ५० किलोपास्कल यायला साडेअठरा मीटर खाली जावं लागेल. चंद्राच्या सपाट भागात मातीचा थरच चार-पाच मीटरचा, डोंगराळ भागात दहा-पंधरा. सरांच्या पोरांची सगळ्यात हलकी टेस्टसुद्धा माती संपून खडक लागल्यावरची आहे!

ट्रायल पिट
खाड्कन मुस्काटात बसली. बरोबर आहे पोराचं. मी पाया डोक्यात धरून बसलो होतो, इमारतीचा पाया. सवयीचे आकडे.

आणि याचा दुसरा परिणाम बघा. आपण ५०, १००, १५० वर तीन ठिपके काढतो, पट्टी लावतो, रेघ मागे शून्यापर्यंत ओढतो, आणि जिथे उभ्या रेघेला लागते त्याला कोहेजन म्हणतो. पण ती रेघ खरी सरळ नसते, कमी दाबाला वाकते. चंद्राच्या वरच्या थराचं कोहेजन एक किलोपास्कलच्या आत. तुमची पट्टी इकडची तिकडे झाली तरी दोन-तीनची चूक. म्हणजे दुसऱ्या जोडीचे ३ किलोपास्कल हे मातीचे नाहीत, पट्टीचे आहेत.

कमी दाबाला करा. ६० च्या पेटीवर पाऊण किलोचं वजन ठेवलं की दोन किलोपास्कल होतात. पण लिव्हर आणि हँगर लावू नका, त्यांचंच वजन त्याहून जास्त असतं. वरच्या पॅडवर थेट वजनं ठेवा, पॅडचं वजनही धरा. आणि पेटीच्या दोन भागांतली फट नीट ठेवा, तिथे एक कण अडकला तरी या भाराला आकडा बिघडतो. रिकामी पेटी सरकवून आधी तिचंच घर्षण मोजा, ते वजा करा.

मुरूमवाला
लाज वाटली. बारावीच्या मुलाने जे विचारलं ते मी बावीस वर्षांत पोरांना विचारलं नाही, कारण टेस्टच्या पुस्तिकेत भार छापलेले असतात. कुतूहल, नाशिकला आलास तर मिसळ माझ्याकडून.

दिवाळीच्या सुट्टीआधी परत करतो आणि लिहितो.

फिनिक्सकर
तोवर अवांतर: ही चाकं-मातीची सगळी विद्या बेकर नावाच्या पोलिश इंजिनियरने उभी केली. रणगाडे चिखलात का रुततात यावर आयुष्य घालवलं, आणि मग जनरल मोटर्समध्ये अपोलोच्या गाडीवर काम केलं. मातीत गोल चकती दाबून "किती दाबाला किती रुतते" हे मोजायचं आणि त्यावरून चाकाचं सांगायचं, ही त्याची पद्धत. सरांनी हीही टेस्ट करावी, बादली आणि वजनकाटा पुरतो.

आणि त्या गाडीचं शेवटी काय झालं? अपोलो १७ ला चाकावरचा मडगार्ड मोडला, धुळीचे फवारे अंगावर. नकाशे चिकटपट्टीने जोडून मडगार्ड केला.

निवांत नाना
आमच्या लुनाचाही असाच होता. तिच्या नावातच चंद्र होता, आता कळलं.

मुरूमवाला
(सहा आठवड्यांनी)
धागा वर काढतोय. ओव्हन, डेसिकेटर, मोजून भरलेला माल, दोन घनता, आणि भार दोन, चार, आठ किलोपास्कल. प्रत्येक टेस्ट पाच वेळा. पोरांनी मला शिव्या घातल्या असतील.

१.५ घनतेला कोन ४१ च्या आसपास, १.७ ला ४८. ५० किलोपास्कलला मिळाले होते त्यापेक्षा जास्त, म्हणजे रेघ वाकते हे दिसलं. कोहेजन ०.३ ते ०.९ च्या दरम्यान नाचतंय. इतक्या लहान आकड्यावर माझ्या मशीनचा भरवसा नाही, तसं रिपोर्टात लिहायला लावलं. पहिले तीन निकालही तसेच ठेवले, प्रत्येकासमोर तो का आला ते लिहून. आणि नाव "चांद्रमाती" काढून "बेसॉल्ट कचाचं कमी दाबाखालचं वर्तन" असं केलं. पोरं नाराज. वर्तमानपत्रात फोटो येणार नाही म्हणे.

माझ्या मोठ्या प्रश्नाचं उत्तर मला असं मिळालं की ही टेस्ट चंद्राबद्दल फार थोडं सांगते, पण आपण टेस्ट कशी करतो त्याबद्दल पुष्कळ.

व्हायव्हाला बाहेरून आलेल्या सरांनी विचारलं, "हे तुम्ही चंद्राच्या मातीशी कशावरून जुळवता?" त्यातली एक पोरगी म्हणाली, "सर, पायलीवरून." मग तिने माजघर ताईंच्या आजीची गोष्ट सांगितली. वीसपैकी एकोणीस.

माजघर
अगं बाई! आजी असती तर म्हणाली असती, विसावा कुठे गेला, पायली आदळ.

ट्रायल पिट
सर, ०.३ ते ०.९ प्रामाणिकपणे लिहिलंत हे बेस्ट. आमच्याकडे क्लायंटला एकच आकडा लागतो, तोही त्याला हवा तो.

उरलेल्या मालाचं काय केलंत?

मुरूमवाला
दीड पोतं उरलं होतं. लॅबच्या दारातल्या खड्ड्यात शिपायाने परवा ओतलं, वर पाणी मारलं आणि पायाने दाबलं.

सडेतोड
शेवटी रस्त्यावरच आलात की नाही!

कुतूहल
सर, पाणी मारलं म्हणजे कोहेजन उसनं. उन्हाळ्यात परत बघा.